दोन तासांनी लगेच इन्सुलिनचा दुसरा डोस नको
प्रश्न असा की जेवणाचं इन्सुलिन घेतलंय, तरी जेवल्यावर दोन तासांनी शुगर २४० दिसली, तर अजून चार युनिट मारले तर काय बिघडलं? बिघडतं हो. लिस्प्रो, अस्पार्ट ही जेवणाच्या वेळची झटपट इन्सुलिनं १०-१५ मिनिटांत कामाला लागतात, तासा-दोन तासांत जोरात असतात पण संपायला चार-पाच तास घेतात, म्हणजे तुम्ही मीटर बघता तेव्हा पहिल्या डोसचा बराच भाग अंगात शिल्लकच असतो, त्यावर दुसरा चढवला की दोन्ही मिळून शुगर धाडकन खाली, आणि ते झोपेतही होऊ शकतं. करेक्शन (वाढलेली शुगर उतरवायचा जादा डोस) कधी आणि किती हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, अंदाजपंचे नको.

अजून एक, ताट समोर आल्याशिवाय सुई टोचू नका. जेवण रद्द तर तो डोसही रद्द, पण रात्रीचं, हळूहळू बराच वेळ काम करणारं लाँग अ‍ॅक्टिंग त्यात धरू नका, ते वेगळं (इन्सुलिनची दोन्ही पेन बऱ्याचदा सारखी दिसतात, एकावर रंगीत टेप लावा सरळ). जुन्या प्रकारचं रेग्युलर इन्सुलिन असेल तर मात्र अर्धा तास आधी घ्यावं लागतं.

पेनने दरवेळी आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं, टोचल्यावर बटण दाबून दहा आकडे मोजायचे, मग सुई काढायची.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत चेक. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट अ‍ॅम्ब्युलन्स.