मदत हवी आहे: मेल छापताना किती पर्याय द्यावेत?

मंडळी, मी नवी मुंबईत महाप्याला एका छोट्या कंपनीत आहे. ऑफिसांसाठी डेस्कटॉपवर चालणारा मेल प्रोग्रॅम बनवतोय. इलेक्ट्रॉन या साधनावर बांधलाय, म्हणजे आतून क्रोमियमच, क्रोम ब्राउझरचा गाभा. त्यातलं प्रिंटचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

‘हल्ली मेल छापतं कोण?’ असं आमच्या टीममधली पोरं विचारतात. त्यांनी एकदा न्हावा-शेवा बंदरात माल सोडवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात नाहीतर ठाणे कोर्टातल्या वकिलांच्या टेबलाशी जाऊन बसावं. आमची बरीचशी गिऱ्हाइकं अशीच आहेत. ती मेल छापतात ते वाचायला नाही, फाइलला लावायला. म्हणून माझ्या मते पाठवणारा, घेणारा, वेळ, विषय, जोडलेल्या फाइलींची नावं आणि ‘पान ३ पैकी २’ हे आधी नीट उतरलं पाहिजे. दिसणं नंतर. डिझायनरने मात्र फॉन्ट, रंग, लोगो, समास, सगळ्यालाच स्विच ठेवलेत. प्रिंटची खिडकी विमानाच्या कॉकपिटसारखी झालीय.

काही गोष्टी मी न विचारताच ठरवून टाकल्यात. कागद ए-फोर. कित्येक मशीनांवर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश अमेरिका असाच राहिलेला असतो आणि मग लेटर साइज गृहीत धरली जाते. लेटर ए-फोरपेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड, त्यामुळे दोन ओळींसाठी एक पान वाया. डावा समास २५ मिलिमीटर, पंच मारायला. उजवा १२. उरतात १७३ मिलिमीटर, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल धरले तर साधारण ६५४ पिक्सेल. जाहिरातींचे आणि बिलांचे मेल बहुधा ६०० पिक्सेल रुंदीच्या टेबलात असतात, ते बसतात. त्याहून रुंद असेल तर आख्खा मेल लहान करतो, उजवी कड कापत नाही. दोन्ही बाजूंनी छापताना मागच्या पानावर पंचाची जागा उजवीकडे जायला हवी. ते सीएसएसच्या, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतल्या, डाव्या-उजव्या पानांच्या नियमाने जमतं. डार्क मोडमधला मेल छापला तर काळी पार्श्वभूमी गळते आणि पांढऱ्या कागदावर फिकट अक्षरं उरतात, म्हणून छापताना मजकूर कायम काळा. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून येणारी, प्रोग्रॅमने अडवलेली चित्रं छापतानाही आणायची नाहीत. नाहीतर आपण प्रिंट काढली एवढ्यावरून पाठवणाऱ्याला मेल उघडल्याचं कळायचं.

आता अडलंय ते सांगतो.

एक म्हणजे खालचा जुना मजकूर. सहा मेलांची चर्चा असेल आणि प्रत्येकाने उत्तराखाली आधीचं सगळं तसंच ठेवलं असेल, तर ‘पूर्ण चर्चा छापा’ म्हटल्यावर सहाऐवजी एकवीस मेलांचा मजकूर बाहेर येतो. काही प्रोग्रॅम जुन्या मजकुराला खूण लावतात, ती पकडता येते. आउटलुकवरून आलेल्या उत्तरात बऱ्याचदा नुसती आडवी रेघ आणि खाली ‘फ्रॉम, सेंट, टू’ एवढंच असतं. आणि एखाद्याने जुन्या ओळींच्या मध्येमध्ये उत्तरं लिहिली असतील तर? जुना मजकूर गाळला की उत्तरं लोंबकळत राहतात.

दुसरी अडचण वेळेची. सिंगापूरहून १ एप्रिलला रात्री साडेबाराला निघालेला मेल आपल्याकडे ३१ मार्चच्या रात्री दहाचा. कागदावर कुठली तारीख घालायची? इथे आर्थिक वर्षच बदलतंय.

तिसरी, बीसीसी, म्हणजे बाकीच्यांना न दिसता ज्यांना प्रत जाते ती नावं. पाठवलेल्या मेलच्या आपल्या प्रतीत ती नावं असतात. छापली तर तोच कागद फिरत फिरत समोरच्या पार्टीकडे जाऊ शकतो. न छापावीत तर नोंद अपुरी.

ज्यांना रोज मेल छापावे लागतात त्यांनी कृपया लिहा.

नौपाडाकर: वकील आहे, म्हणून बोलतो. कोर्टात लावायच्या प्रतीतून एक ओळही गाळू नका, जुना मजकूर तर नाहीच. वेळ मूळ जशी आहे तशी, सिंगापूरच्या वेळेची खूण +०८०० सकट, आणि शेजारी भारतीय वेळ. नुसती प्रिंट तशीही पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा क्रमांक, लिहावा लागतो. तो तुमच्या प्रोग्रॅमने काढून दिला तर उपकार होतील, पण मूळ मेल फाइलचा काढा, प्रिंटच्या पीडीएफचा नको. ए-फोरचं बरोबर केलंत. सुप्रीम कोर्टानेही २०२० पासून ए-फोर, दोन्ही बाजूंनी असंच केलंय.

कळंबोली_नाका: आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अजून जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कुरकुरतोय. आम्हाला चित्रं नकोत, रंग नकोत, नुसती अक्षरं द्या, ओळीला ८०. बीसीसी बाय डिफॉल्ट बंद ठेवा हो, साहेब लोक भडकतात.

सानपाडा_कोडर: पानाच्या मध्येच तुटू नये म्हणून आख्ख्या टेबलावर ‘ब्रेक-इनसाइड अव्हॉइड’ हा सीएसएसचा नियम लावू नका. मेलमध्ये बऱ्याचदा सगळा मजकूरच एका टेबलात असतो. तो उचलून पुढच्या पानावर जातो आणि पहिल्या पानावर नुसतं शीर्षक राहतं. फक्त चित्रांना आणि छोट्या ओळींना लावा. मराठी मेलसाठी ओळींतलं अंतर दीडपट तरी ठेवा. पाठवणाऱ्याने ते अंतर ठरावीक पिक्सेलमध्ये बांधलेलं असतं आणि मग वरच्या वेलांट्या आधीच्या ओळीच्या उकारांत घुसतात.

धागाकर्ता: आभारी आहे. खिडकीत आता एकच ठळक प्रश्न ठेवतोय: हा मेल, पूर्ण चर्चा की नुसता मजकूर. ‘पूर्ण चर्चा’ घेतली तरच खाली ‘जुना मजकूर गाळा’ची चौकट दिसेल, मुळात बंद. ती चालू केली तर प्रत्येक पानाच्या तळाशी ‘संक्षिप्त प्रत’ असं छापलं जाईल, ते काढता येणार नाही. बीसीसी बंद. वेळ दोन्ही. हॅशचं साहेबांना विचारतो.

नौपाडाकर, एकच शंका: ‘संक्षिप्त प्रत’ तळाला चालेल, की कोर्टात ते वरच हवं?