शब्दचर्चा : ‘कुठल्या समाजाचं काम करता, ताई?’

प्रश्न : मी सोलापुरात समाजकार्य शिकते. तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या घरी जाणं हे आमचं फील्डवर्क. अहवालात ‘समुदायाधारित मानसिक आरोग्य सेवा’ असं लिहिते, पण दारात उभं राहून ते बोलवत नाही. ‘समाजकार्य करते’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या समाजाचं?’ मग काय म्हणायचं?

वस्तीत काम केलेली एक वाचक : बरोबरच विचारतात की! आपल्याकडे समाज म्हणजे पद्मशाली समाज, लिंगायत समाज, समाजाचा हॉल, समाजाचा वधू-वर मेळावा. ‘समाजसेवक’ तर वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर फोटोखाली असतो. ‘समुदाय’ शासकीय परिपत्रकाबाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ‘वस्तीवर फिरते, घरी येऊन चौकशी करते, गोळ्या चालू आहेत का बघते’ एवढं सांगा. ‘सिव्हिलमधून आलात का?’ असं विचारतील. नसाल आला तर तिथंच स्पष्ट करा, नाहीतर पुढच्या खेपेला गोळ्या तुमच्याकडेच मागतील.

एक डॉक्टर : माझी हरकत ‘तीव्र’ला आहे. वैद्यकीय मराठीत हा शब्द अचानक उसळलेल्या दुखण्यालाही लावतात आणि जोर मोठा असलेल्यालाही. स्किझोफ्रेनिया (कोशातली ‘छिन्नमनस्कता’ ओपीडीत कुणी वापरत नाही) बहुधा वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. ‘तीव्र’ ऐकून घरच्यांना वाटतं, ताप उतरतो तसं हेही उतरेल. ‘गंभीर’ म्हणावं तर पेशंट आयसीयूत असल्यासारखे चेहरे होतात. लिहिताना मी ‘गंभीर’ पत्करतो. बोलताना मात्र ‘आजार मोठा आहे, लांबणारा आहे, औषध मधेच सोडायचं नाही’ असं सरळ सांगतो.

तेलुगू घरातला वाचक : सोलापूरच्या पूर्व भागात नुसत्या मराठीवर भागत नाही. आमच्या घरात ‘पिच्चि’, शेजारच्या कानडी घरात ‘हुच्चु’. दोन्हींचा अर्थ वेड, आणि दोन्ही शब्द भांडणात शिवी म्हणून फेकले जातात. म्हणून आई ते शब्द टाळते, ‘डोक्याला त्रास आहे’ असं मराठीतच म्हणते. परक्या भाषेत धार कमी लागत असावी.

वस्तीवरची वाचक, पुन्हा : आणि ‘बाहेरचं’! ‘बाहेरचं काही बघितलं का?’ हे विचारल्याशिवाय आधी कुठं कुठं नेलं, किती महिने गेले, हे कळतच नाही. ‘बाहेरचं’ म्हणजे भूतबाधा, करणी, लागीर. पण ‘अंधश्रद्धा’ हा शब्द काढलात की संपलं, पुढच्या वेळी दार उघडणार नाही. देवाचंही करा, गोळीही चालू ठेवा, असं मी म्हणते. मारहाण किंवा साखळदंड दिसला तर मात्र शब्द जपत बसत नाही.

प्रश्नकर्ती : आणि माणसाला काय म्हणायचं? पेशंट, मनोरुग्ण की मनोरुग्ण व्यक्ती?

डॉक्टर : पुण्यातल्या स्वमदत गटांनी ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणारा तो ‘शुभंकर’ अशी जोडी रुळवली. गटात ती शोभते. विडी कारखान्यातून आलेल्या बाईला ‘तुमचा शुभार्थी’ म्हणालात तर ती मागं वळून बघेल! तिच्यापुढं मुलाचं नाव घ्या. कागदावर ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ लिहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे आणि त्याच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता येत नाही, तेव्हा ‘मतिमंद’ लिहून मोकळं होऊ नका. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात हे दोन वेगळे प्रकार आहेत. दिव्यांग प्रमाणपत्रावर चुकीचा प्रकार पडला की दुरुस्तीच्या चकरा घरच्यांच्याच नशिबी.

प्रश्नकर्ती : ‘निराधार मनोरुग्ण’ असाही रकाना आमच्या फॉर्मवर आहे. भाऊ इथंच राहतो, पण घरात घ्यायला तयार नाही. अशाला निराधार लिहू?

वस्तीवरची वाचक : नको. ‘भाऊ आहे, सध्या ठेवून घेत नाही’ असंच लिहा. एकदा ‘निराधार’ लिहिलं की त्या भावाच्या दारी परत कुणी जात नाही. घरचे घेत नाहीत एवढ्या कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, हे मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 19 मध्ये आहे. रकाना लहान असेल तर मागच्या बाजूला लिहा.