म्हशीच्या मागे घंटी वाजवू नका

कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं सायकल चालवताना "घंटी वाजवत राहिलं की लोक आपोआप बाजूला होतात" असं काहीजण सांगतात. माणसांपुरतं ठीक. पण जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर (पैठणपासून २०८ किमी, पार परभणी जिल्ह्यात जातो) सकाळी माणसांपेक्षा गुरंच जास्त. मागच्या हिवाळ्यात मी एका म्हशीच्या अगदी मागं जाऊन घंटी वाजवली. ती दचकून सायकलीला आडवी आली अन् मी बाभळीत! माझ्या हातातले काटे काढता काढता तिथले एक म्हातारबाबा म्हणाले, "आरं, लांबूनच हाक मारायची की!" तेव्हापासून वीस-पंचवीस पावलांवरूनच "मामा, येतोय हं" म्हणतो. गुरं असली तर सरळ उतरून चालतो.

आणि आवर्तन (शेतीसाठी कालव्यात सोडलेलं पाणी) सुटलेलं असताना पाण्याच्या कडेनं सायकल नकोच. अस्तरीकरणाचा (कालव्याच्या आतल्या सिमेंटच्या थराचा) उतार शेवाळानं इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. धुणं धुणाऱ्या बायका दिसल्या की वेग कमी, मोबाईल खिशात.

पावसानंतरचं विचारूच नका. काळी माती मडगार्डात अशी बसते की चाकच फिरत नाही, सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं.