पावसाळ्यात साल्व्हिया टिकवता येतो का?

प्रश्न (डिचोली)

नमस्कार. आमच्या अंगणातील तुळशीवृंदावनाच्या दोन्ही बाजूंस चिऱ्यांचे कठडे घालून मी दोन लहान वाफे केले आहेत. गेल्या वर्षी दिवाळीनंतर रोपवाटिकेतून लाल साल्व्हियाची १२ रोपे आणून तेथे लावली. नाताळापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ती इतकी फुलली की येणारा-जाणारा थांबून नाव विचारीत असे. मार्चमध्ये मात्र पाने फिकट व ठिपकेदार होऊन गळू लागली, आणि जूनमध्ये पावसाने जोर धरताच उरलेली ७ रोपे बुंध्याशी काळी पडून आठवडाभरात आडवी झाली. रोपे देणाऱ्याने ‘पाणी भरपूर घाला’ एवढेच सांगितले होते, आणि मी ते इमानाने पाळले. हे झाड पावसाळ्यात टिकवता येते का, आणि चतुर्थीला फुले हवी असल्यास लागवड केव्हा करावी? स्वयंपाकात वापरतात तो सेजही याच प्रजातीतला असल्याचे ऐकले आहे. तो आपल्याकडे येईल का?

उत्तर (फोंडा)

आपण वर्णन केलेली जात बहुधा साल्व्हिया स्प्लेंडेन्स असावी. ती मूळची ब्राझीलची. काजूही तिथलाच, पण त्याला आपला पाऊस मानवला आणि डोंगरच्या डोंगर त्याने व्यापले. साल्व्हियाला ते साधले नाही. वास्तविक हे झाड बहुवर्षायू आहे, तरीही जगभर ते हंगामी म्हणूनच लावले जाते, आणि गोव्यात तर जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडत असल्याने दुसरा मार्ग सहसा उरत नाही. रोप मरते ते पाणी अंगावर पडल्यामुळे नव्हे. मातीतील पोकळ्या पाण्याने भरून मुळांना हवा मिळेनाशी होते आणि अशा गुदमरलेल्या मुळांवर बुरशी सहज चढते, हे त्याचे खरे कारण होय. म्हणून एक गोष्ट विचारतो: आपल्या वाफ्यांना तळ आहे का? जांभ्याची माती एरवी पाणी धरून ठेवीत नाही.

मार्चमधील ठिपके हे माझ्या मते लाल कोळी या पानांतील रस शोषणाऱ्या सूक्ष्म किडीचे लक्षण आहे. पान उलटून पाहावे. बारीक जाळी व हलणारे कण दिसल्यास सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि तेवढ्याने न भागल्यास एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे.

चतुर्थीचा हट्ट मात्र सोडावा. त्या दिवसांत तेरडा आपल्या पायाने दारात येतो, त्याच्याशी स्पर्धा कशाला? साल्व्हियाचे बी सप्टेंबरच्या मध्यास पडवीत, पावसाची झड पोहोचणार नाही अशा जागी पेरावे. बी मातीत पुरू नये, नुसते वर पसरून हलके दाबावे, कारण उगवणीसाठी त्याला उजेड लागतो. साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतात. चार-सहा पाने आल्यावर रोपे २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत आणि रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. पहिला तुरा लांबतो म्हणून हा शेंडा खुडण्यास मन धजत नाही, पण फांद्या फुटतात त्या यामुळेच. नंतरही तुऱ्यातील नळीसारखी फुले गळली तरी बाहेरचा लाल निदलपुंज, म्हणजे फुलाच्या तळाचे वेष्टन, बरेच दिवस राहतो, त्यामुळे तुरा ताजाच आहे असा भास होतो. तो निस्तेज दिसू लागताच खालच्या पानजोडीपर्यंत कापावा.

उत्तर (काणकोण)

वरील उत्तराशी सहमत असूनही एक भर घालतो. तांबड्या रंगाचाच आग्रह असेल तर साल्व्हिया कोक्सिनिया लावून पाहावा. त्याची फुले विरळ व नाजूक असतात, वाफा लालभडक दिसत नाही, पण उष्मा तो अधिक सोसतो आणि आपले बी आपणच पाडतो. आमच्याकडे जुनी झाडे पावसात गेली, तरी ऑक्टोबरमध्ये पायवाटेच्या कडेला त्यांची पिल्ले उगवलेली सापडतात. शिंजीर पक्षी तर त्यावर सकाळभर असतो. निळा हवा असल्यास साल्व्हिया फॅरिनेसिया उत्तम. तो टेक्सास व मेक्सिकोकडचा असल्याने कोरडे ऊन त्याला चालते, फक्त पाणी साचता कामा नये.

प्रश्नकर्ता (डिचोली)

दोघांचेही आभार. आज कठड्याचा एक चिरा काढून पाहिला. वाफ्याखाली अंगणाचे जुने सिमेंट तसेच आहे आणि पाणी जाण्यास एकही भोक नाही. म्हणजे मी इतके दिवस टाकीतच झाडे लावली होती. आता तळाशी भोके पाडून त्यावर खापरांचा थर, व वर माती, रेती आणि कुजलेले शेणखत असे मिश्रण भरण्याचा विचार आहे. सेजबद्दल कोणी सांगावे.

उत्तर (फोंडा)

भोके पाडताना अंगणाचा उतार पाहूनच पाडा. खापरांचा थर मात्र घालू नका. त्याने निचरा वाढत नाही, उलट पाणी वरच्या मातीतच अडून राहते. भोकांवर एकेक खापरी ठेवली की पुरे. स्वयंपाकाचा सेज म्हणजे साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, भूमध्य सागराकाठचा. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणजे आपल्या अगदी उलट. नोव्हेंबरमध्ये मातीच्या कुंडीत, निम्मी रेती घालून लावल्यास मेपर्यंत पाने मिळतात, त्यापुढे पडवीत ठेवूनही दमट हवेने तो खंगतोच. नुसता सुगंधी पाला हवा असेल तर पानओवा लावा. तुळस, पुदिना व साल्व्हिया यांच्याच कुळातला तो, आणि एक फांदी खोचली की रुजतो.