उपनगरातील बदलती उपाहारगृहे आणि घरखरेदीचा निर्णय

वेशीवरचा:
गेली अकरा वर्षे मी शहराच्या एका वाढत्या उपनगरात भाड्याने राहत आहे. मी येथे आलो तेव्हा मुख्य रस्त्यावर पाच लहान उपाहारगृहे होती आणि नेहमीचे गिऱ्हाईक काय मागवणार, हे तेथील वाढप्यांना न विचारताच ठाऊक असे. मागील दोन वर्षांत त्यांपैकी तीन बंद झाली. त्याच रस्त्यावर आता दोन कॉफीगृहे, साखळी कंपन्यांची काही उपाहारगृहे आणि बसायला जागाच नसलेली, केवळ घरपोच मागण्या पुरवणारी दोन स्वयंपाकघरे सुरू झाली आहेत. मी ज्या गृहप्रकल्पात सदनिका पाहतो आहे, तेथील दलाल प्रत्येक भेटीत याच बदलाकडे बोट दाखवतात आणि भाव वाढण्याची ही ठळक खूण असून आता घेतले नाही तर पुढे परवडणार नाही, असे सांगतात. त्याच इमारतीत तळमजल्यावरचा एक गाळाही विक्रीस आहे. त्यात आधीपासून उपाहारगृह चालू असल्याने भाडे ‘हमखास’ आहे, असे त्यांचे म्हणणे. उपाहारगृहे बदलली म्हणजे भाव वाढतात, यात तथ्य किती? आणि सदनिका व गाळा यांपैकी कशाचा विचार करावा?

आकडेमोड:
दलालांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण ते अर्धेच आहे. एडवर्ड ग्लेझर, ह्युनजिन किम आणि मायकेल लुका या अभ्यासकांनी २०१८ साली अमेरिकेतील ‘येल्प’ या संकेतस्थळावरील व्यवसायांची माहिती जनगणनेच्या आकड्यांशी ताडून पाहिली. ज्या भागात अधिक शिकलेली आणि तरुण वस्ती वाढत होती, तेथे किराणा दुकाने, कॉफीगृहे आणि उपाहारगृहेही वाढत असल्याचे त्यांना दिसले. शिवाय व्यवसायांतील हे बदल घरांच्या किमतींतील बदलांची आगाऊ चाहूल देतात, असेही आढळले. मात्र त्याच अभ्यासातील पुढचा आकडा कोणी दलाल सांगत नाही. एखाद्या टपाल विभागात स्टारबक्सची एक शाखा वाढणे आणि घरांच्या किमती वाढणे यांचा जो संबंध त्यांना आढळला, तो प्रति शाखा सुमारे ०.५ टक्के इतकाच होता. घर घेताना नोंदणी, कर, दलाली आणि कर्जप्रक्रिया यांवर जो खर्च होतो, त्यापुढे हा अर्धा टक्का कोठेच्या कोठे राहतो. शिवाय हा सहसंबंध आहे, कार्यकारण नव्हे. साखळी कंपन्या जागा निवडण्यापूर्वी लोकवस्तीचा आणि रहदारीचा कसून अभ्यास करतात. त्यामुळे ज्या भागाचे भाव कदाचित एरवीही वाढले असते, तेथेच त्या येतात.

उपाहारगृहांवरून याहून उपयुक्त गोष्ट कळते, ती म्हणजे तेथे कोण राहते आणि कोण केवळ कामापुरते येते. लेई डाँग, कार्लो रात्ती आणि सिकी झेंग यांनी २०१९ साली चीनमधील नऊ शहरांच्या अभ्यासात दाखवले की उपाहारगृहांच्या माहितीवरून त्या भागातील दिवसाची लोकसंख्या, रात्रीची लोकसंख्या, कंपन्यांची संख्या आणि लोकांचा खर्च यांचा बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधता येतो. तुमच्या प्रश्नात दिवस आणि रात्र यांतील फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. घरांना मागणी मुख्यतः रात्रीच्या लोकसंख्येतून येते.

भटारखाना:
मी बरीच वर्षे या धंद्यात आहे, म्हणून गाळ्याबद्दल लिहितो. ‘हमखास भाडे’ हा शब्द ऐकला की करारनामा मागून घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: भाडेकरूला किती महिन्यांपूर्वी कळवून जागा सोडता येते, सुरुवातीचा बिनभाड्याचा काळ किती दिला होता, आणि अनामत रकमेत किती महिन्यांचे भाडे भरून निघते. प्रकल्प विकला जावा म्हणून विकासक पहिल्या भाडेकरूला बराच काळ नाममात्र भाड्यावर ठेवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. खरे भाडे सुरू झाले की तोच भाडेकरू चालू लागतो. आमच्या धंद्यात भाडे विक्रीच्या साधारण १० टक्क्यांच्या आत राहिले, तरच गणित जमते. म्हणून गाळ्याचे भाडे ऐकून खूश होण्यापूर्वी तेवढी विक्री तेथे होते का, याचा हिशेब करावा.

नवे उपाहारगृह पहिल्याच वर्षी बुडते, असा लोकांचा समज असतो आणि तो अतिरंजित आहे. एच. जी. पारसा व सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात, अमेरिकेतील कोलंबस शहरात पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के उपाहारगृहे बंद पडली वा त्यांचे मालक बदलले. मात्र तीन वर्षांत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. गाळेमालकाच्या दृष्टीने दुसरा आकडा अधिक बोचरा आहे. भाडेकरू गेला की धुराडे, तेल अडवणारी टाकी आणि खास वीजजोडणी तेवढी मागे उरते आणि पुढच्या कापडविक्रेत्याला त्यांपैकी काहीच नको असते.

केवळ घरपोच पुरवठा करणाऱ्या स्वयंपाकघरांना तर भरभराटीची खूण मानूच नये. त्यांना दर्शनी जागा लागत नाही, म्हणून ती स्वस्त भाड्याच्या मागे जातात. मुख्य रस्त्यावर अशी दोन स्वयंपाकघरे आली असतील, तर दर्शनी जागेला पुरेसे भाडे देणारा दुसरा कोणी मिळाला नाही, अशी शंका मला येते.

वेशीवरचा:
दोघांचेही आभार. तुमचे वाचून मी मागील पंधरवड्यात निरनिराळ्या वेळी रस्त्यावर फेऱ्या मारल्या. कामाच्या दिवशी दुपारी सगळी उपाहारगृहे भरलेली असतात, कारण जवळच नवी कार्यालये आली आहेत. रात्री साडेआठनंतर मात्र साखळीतल्या दोन उपाहारगृहांत बहुतेक मेजे रिकामी दिसतात. त्याच प्रकल्पाच्या तयार झालेल्या इमारतीत रात्री नऊ वाजता निम्म्याहून अधिक खिडक्या अंधाऱ्या होत्या. शेजारच्या बंद पडलेल्या एका उपाहारगृहाची चौकशी केली, तेव्हा ते गिऱ्हाईक नसल्याने बंद झालेच नव्हते, असे कळले. जागामालकाने पुनर्विकासासाठी जागा रिकामी करून घेतली होती.

आकडेमोड:
शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ साली याच स्थितीला ‘भाड्यातील तफावत’ असे नाव दिले होते: जागेतून आज मिळणारे उत्पन्न आणि तीच जागा पुन्हा बांधल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांतील अंतर पुरेसे वाढले की भांडवल तेथे येते. बैठे उपाहारगृह याला सर्वांत आधी बळी पडते, कारण ते चालत असो वा नसो, त्याच्या डोक्यावरचे आभाळ, म्हणजे वर मजले बांधण्याजोगी जागा, विकायची राहिलेली असते. अंधाऱ्या खिडक्यांचा अर्थ मात्र निराळा आहे. सदनिका बहुधा विकल्या गेल्या आहेत, पण राहण्यासाठी नव्हे. हेच गुंतवणूकदार पुढे विक्रीला निघाले, तर तुमची स्पर्धा त्यांच्याशी असेल. वर्षभराचे भाडे सदनिकेच्या किमतीच्या किती टक्के होते, ते काढून कर्जाच्या व्याजदराशी ताडून पाहा. भाडे फारच मागे पडत असेल, तर घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा मजला:
मी थोडा असहमत आहे. असेच हिशेब करीत मी चार वर्षे थांबलो आणि अखेरीस त्याच भागात लहान घर अधिक किमतीला घेतले. स्वतः राहायचे असेल आणि हप्ता झेपत असेल, तर भाव नेमका कधी वाढणार हा प्रश्न निम्म्याने सुटतो. मात्र तुमची सदनिका तळमजल्यावरील उपाहारगृहाच्या वर येत असेल, तर ती संध्याकाळी सातनंतर, खिडकी उघडून पाहावी. माझ्या घराच्या नकाशात धुराडे इमारतीच्या मागील बाजूस दाखवले होते. प्रत्यक्षात ते माझ्या शयनगृहाच्या खिडकीपासून दोन हातांवर संपते.

वेशीवरचा:
गाळ्याचा विचार सोडला. सदनिकेसाठी दलालांना संध्याकाळची वेळ मागितली आहे. ते सध्या सकाळचीच वेळ सुचवत आहेत.