शौचावाटे रक्त, शेम आणि घटणारं वजन: मूळव्याध की आतड्याची सूज? कुणाला दाखवावं?

सायली_कराड
धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २२, शिकायला पुण्यात, होस्टेलवर. दिवाळीनंतर त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. सुरुवातीला आम्ही मेसच्या जेवणाला बोल लावला. आता दिवसातून सहा-सात वेळा जावं लागतं, शेम पडते, बरोबर रक्त असतं. पहाटे झोपेतून उठून पळावं लागतं. घरी आला तेव्हा चेहरा इतका उतरलेला की आईला रडूच आलं. जवळच्या दवाखान्यात न तपासताच मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या दिल्या, काही फरक नाही. आई म्हणते उष्णता आहे, ताकभात खा. नेटवर वाचून मला अल्सरेटिव्ह कोलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजाराची, शंका येतेय. कोणत्या डॉक्टरांकडे न्यावं? आधी कोणत्या तपासण्या? किती घाई करायची?

घाटवाट
ताई, मला स्वतःला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, बरीच वर्षं. तुमची शंका अगदी रास्त आहे. थेट पोटविकारतज्ज्ञ, म्हणजे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टच गाठा. याच आठवड्यात.

मूळव्याधीत बहुधा शौच झाल्यावर लालभडक रक्त ठिबकतं, शौच मात्र नेहमीसारखी असते. कोलायटिसमध्ये सूज गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात वर सरकते, म्हणून रक्त शेमेत आणि पातळ शौचात मिसळून येतं. त्याला एक गोष्ट नक्की विचारा: जाऊन आल्यावरही अजून जायचंय असं वाटत राहतं का? कुंथून कुंथून चमचाभर शेम-रक्त पडतं, उठून हात धुवेपर्यंत पुन्हा कळ येते. माझा सगळ्यात मोठा त्रास तोच होता. लाजेपायी पोरं हे घरी बोलत नाहीत, डॉक्टरांना तर मुळीच नाही. तुम्हीच बरोबर जा आणि सांगायला लावा.

आणि ते रात्रीचं उठणं. नुसत्या आयबीएसमध्ये, म्हणजे ताणाने किंवा खाण्याने बिघडणाऱ्या पोटात, माणूस सहसा जुलाबासाठी गाढ झोपेतून उठत नाही. रक्त पडत नाही, ताप येत नाही, वजनही असं उतरत नाही. यातलं काहीही असेल तर ताकभातावर वेळ घालवू नका.

पॅथलॅबवाली
आधी साध्या तपासण्या होतील: हिमोग्लोबिन, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), शौचाची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं). आपल्याकडे अमिबाची आव आणि जंतुसंसर्ग हुबेहूब असंच चित्र उभं करतात, ते आधी वगळावं लागतं. शौचातलं कॅलप्रोटेक्टिनही सांगतील. ते ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता बरीच कमी. २५० च्या वर गेलं की दुर्बिणीने आत बघायलाच हवं. मात्र संसर्गातही हा आकडा चढतो, त्यामुळे रिपोर्ट हातात पडल्यावर घरीच निष्कर्ष काढू नका. नेमकं निदान कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं बघणं) आणि बायॉप्सीनेच (आतला बारीक तुकडा काढून तपासणं) होतं. आतडं साफ करायचं औषध भरपूर पाण्यातून प्यावं लागतं, तो दिवस कंटाळवाणा जातो, पण प्रत्यक्ष तपासणी बहुतेक ठिकाणी गुंगी देऊन करतात. लाल-जांभळी सरबतं आदल्या दिवशी टाळा, आत रक्तासारखी दिसतात.

कोकणातला_केशव
क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजाराचाही विचार व्हायला हवा. माझ्या पुतण्याला तो निघाला. त्यात तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधेमधे जागा सोडून सूज येते. रक्त कमी, पण उजव्या बाजूला खाली दुखणं, बारीक ताप, जेवल्यावर कळा, शिवाय भगंदर. आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे आतड्याचा टीबी. तोही बऱ्याचदा त्याच जागी, लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यापाशी होतो आणि तसाच दिसतो. टीबी असताना सूज उतरवायला नुसती स्टेरॉइड दिली तर तो बळावतो. म्हणून बायॉप्सीत टीबीच्या तपासण्याही केल्यात का, हे विचारायला संकोचू नका. पुतण्याच्या डॉक्टरांनी यात वेळ घेतला तेव्हा आम्ही चिडलो होतो, पण तो वेळ गरजेचा होता.

सायली_कराड
सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारची वेळ मिळाली. घाटवाटदादा, तुम्ही सांगितलेलं विचारलं, तर अगदी तसंच होतंय म्हणाला. शिवाय गेले काही दिवस गुडघा आणि घोटा सुजतोय. फुटबॉलमुळे असेल म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन घेतोय. याचा काही संबंध?

घाटवाट
आहे! या आजारात सांधे सुजतात, काहींचे डोळे लाल होऊन दुखतात, तोंड येतं, नडगीवर दुखऱ्या लाल गाठी येतात. शुक्रवारी हे सगळं सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आत्ताच बंद करायला सांगा, त्यांनी आतड्याची सूज भडकू शकते. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना फोनवर विचारून. जुलाब थांबवायच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने नकोत. रक्ताचे जुलाब वाढले आणि जोडीला ताप, छातीत धडधड, पोट फुगून टणक होणं किंवा चक्कर यातलं काही दिसलं, तर शुक्रवारची वाट न बघता रात्री असो की पहाटे, मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात घेऊन जा. आणि जुने रिपोर्ट, मलमाची चिठ्ठी, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं, सगळं एका पिशवीत बरोबर न्या.