मदत हवी आहे: प्रवक्त्यांना माध्यमांच्या मुलाखतीसाठी कसं तयार करावं?

नमस्कार. कंपनीच्या तीन अधिकाऱ्यांना (उत्पादन, वित्त, मनुष्यबळ) वृत्तवाहिन्या आणि वृत्तपत्रांच्या मुलाखतींसाठी तयार करायचंय. वेळ दीड दिवस. संभाव्य ४० प्रश्नांची उत्तरं लिहून दिली आहेत, तरी अडतंय. उत्पादनप्रमुखांचं उत्तर दोन-दोन मिनिटं चालतं, मुद्दा शेवटी येतो. वित्तप्रमुखांनी उत्तरं पाठ केली आहेत; प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते. तिसरे प्रत्येक अवघड प्रश्नाला "नो कमेंट" म्हणतात. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

ती ४० उत्तरं आधी काढून घ्या. पाठ केलेलं उत्तर प्रश्नाच्या शब्दांना चिकटलेलं असतं, शब्द बदलले की धागा तुटतो. त्याऐवजी प्रत्येकी तीनच मुद्दे द्या, प्रत्येकाखाली एक आकडा आणि एक उदाहरण. सगळं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावलं पाहिजे. पूर्ण वाक्यं लिहूच नका, नाहीतर पुन्हा पाठांतर सुरू होईल.

उत्पादनप्रमुखांना पुराव्याकडून निष्कर्षाकडे जायची सवय असणार, बातमीला नेमका उलटा क्रम लागतो. टीव्हीच्या बातमीत एका माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा दहाएक सेकंदच येतात. दोन मिनिटं बोललं की त्यातली कुठली दहा घ्यायची हे वृत्तसंपादक ठरवतो. म्हणून घड्याळ लावून सराव: पहिल्या वाक्यात उत्तर, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात उदाहरण. २० सेकंद, साधारण ४० शब्द, आणि गप्प.

हे गप्प होणंच सगळ्यात अवघड. वार्ताहर पुढचा प्रश्न लगेच विचारत नाही, आणि ती शांतता भरायला माणूस नको ते बोलून जातो. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीनंतर, मे २०१० मध्ये, बीपी या ब्रिटिश तेलकंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी कॅमेऱ्यासमोर लोकांची माफी मागितली होती. तिथेच थांबायला हवं होतं. पण ते पुढे म्हणाले की हे संपावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल, मला माझं आयुष्य परत हवंय. त्या दुर्घटनेत ११ कामगार गेले होते. माफी मागे पडली, शेवटचं वाक्य जगभर गेलं. सरावात प्रत्येक उत्तरानंतर मुद्दाम पाच सेकंद शांत बसा आणि समोरचा टिकतो का बघा.

धागाकर्ता

हे पटलं. पण तीन मुद्द्यांकडे वळवताना प्रश्न टाळल्यासारखं दिसणार नाही का?

प्रतिसाद २

उत्तर न देता वळलात तर दिसणारच, आणि दिसलंही पाहिजे. आधी एका वाक्यात उत्तर, मग आपला मुद्दा. "नो कमेंट"चा अर्थ ऐकणारा "काहीतरी लपवतायत" असाच लावतो, म्हणून न बोलण्याचं कारण सांगा: "चौकशी चालू आहे, कारणाबद्दल आज बोललो तर तो अंदाज ठरेल. ती उत्पादनं थांबवली आहेत, हे नक्की सांगतो." अर्थात थांबवली असतील तरच. माहीत नसेल तर "आकडा आत्ता हाताशी नाही, पाचपर्यंत कळवतो" आणि पाचच्या आत कळवायचंच. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर जाहीर न झालेले आकडे मुलाखतीत देता येत नाहीत. वित्तप्रमुखांनी हे सरळ सांगावं.

आणखी एक सापळा, प्रश्नातला वाईट शब्द आपल्या तोंडी घेणं. "ही फसवणूक नाही का?" याला "ही फसवणूक नाही" म्हटलं की मथळ्यात फसवणूकच येते. १७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन संपादकांसमोर "मी बदमाश नाही" म्हणाले, आणि तो शब्द त्यांना कायमचा चिकटला. "ग्राहकांना आम्ही काय सांगितलं होतं ते बघा" अशी सुरुवात करून वस्तुस्थिती सांगायची.

प्रतिसाद ३

आखणीबद्दल. पहिली सकाळ फक्त मुद्द्यांसाठी. दुपारी प्रत्येकाची कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटांची मुलाखत, लगेच चित्रीकरण पाहणं. आधी आवाज बंद करून बघा (डोलणारी खुर्ची, हातातलं पेन, भिरभिरती नजर), मग चित्र न बघता फक्त ऐका. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत आणि वेगळ्या क्रमानं. प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस आणा. हाताखालचे लोक साहेबांना मध्येच तोडत नाहीत. चित्रीकरणही ज्याचं त्यालाच दाखवा, सगळ्यांसमोर दाखवलं की माणूस आक्रसतो.

समोर वार्ताहर असेल तर नजर त्याच्यावर. दुसऱ्या ठिकाणाहून जोडलेले असाल तर थेट भिंगात, पडद्यावरच्या स्वतःकडे नाही. कॉलरचा माईक निघेपर्यंत चालूच आहे असं धरून चाला. "हे छापू नका" असं बोलून झाल्यावर म्हणून उपयोग नसतो.

आणि शेवटच्या "अजून काही सांगायचंय?" या प्रश्नाची तयारी वेगळी करून घ्या. बहुतेक जण सुटल्यासारखे "नाही" म्हणतात. तिथे पहिला मुद्दा पुन्हा एकदा, २० सेकंदांत.